जॉन फेबरकृत ‘ड्यूक ऑफ सॉमरसेट’ : मेझोटिंट व्यक्तिचित्राचे कलामूल्य

मुद्राचित्रकलेच्या अभ्यासात तैलचित्रावरून केलेल्या ठशांना बहुधा दुय्यम स्थान दिले जाते. सॉमरसेटचा सहावा ड्यूक चार्ल्स सेमूर (१६६२–१७४८) याचे गॉडफ्री नेलरने सुमारे १७०३ मध्ये रंगविलेले व्यक्तिचित्र आणि त्यावरून धाकट्या जॉन फेबरने केलेले मेझोटिंट यांचा एकत्रित विचार केल्यास हे मत अपुरे ठरते.

हे चित्र लंडनच्या किटकॅट क्लबातील सभासदांच्या चित्रमालिकेतील आहे. व्हिग पक्षाच्या या मंडळात उमराव आणि लेखक एकत्र बसत. प्रकाशक जेकब टॉन्सन हा त्याचा सूत्रधार होता. मालिकेतील बहुतेक चित्रे ३६ × २८ इंच या एकाच आकाराची आहेत. ‘गर्विष्ठ ड्यूक’ म्हणून ख्यात असलेला सॉमरसेट आणि ग्रंथविक्रेता टॉन्सन यांना नेलरने सारखीच चौकट दिली, ही बाब लक्षणीय आहे. फेबरची मुद्रित माला १७३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची अर्पणपत्रिका मात्र सॉमरसेटच्याच नावे आहे. भिंतीवर साधलेली समता कागदावर अशी काहीशी मागे हटते.

मेझोटिंटाचे तंत्र १६४२ मध्ये लुडविग फॉन झीगेनने प्रथम योजले. त्यात तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सर्वत्र खरबरीत करतात. तशा पत्र्याचा ठसा गडद काळा उमटतो. नंतर खरवडून व घासून जो भाग गुळगुळीत करावा, तो उजळतो. चित्रकार रंगांनी आकार घडवितो, तर मुद्राकार अंधारातून उजेड काढतो. त्यामुळे टोपाचे कुरळे केस आणि वस्त्राच्या चुण्या यांत मेझोटिंटाला मिळणारी मृदुता रेषाप्रधान कोरीवकामाला सहसा साधत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. निळी फीत असो वा तांबडी मखमल, दोन्ही करड्या छटा होतात. रंगातून व्यक्त होणारा दर्जा मग चित्राखालील अक्षरांना सांगावा लागतो. शिवाय पत्रा लवकर झिजत असल्याने आरंभीच्या प्रतींतच काळ्या रंगाची खोली टिकून राहते. म्हणून फेबरच्या कौशल्याचे मूल्यमापन उत्तरकालीन, फिकट प्रतीवरून करणे अन्यायाचे होय.

कायद्याची भूमिकाही येथे महत्त्वाची आहे. १७३५ च्या ब्रिटिश मुद्राकार अधिनियमाने स्वतः कल्पिलेल्या चित्राच्या मुद्राकारालाच संरक्षण दिले. दुसऱ्याच्या चित्रावरून काम करणाऱ्यास ते पुढे १७६६ च्या अधिनियमाने लाभले. प्रतिकृतीला गौण मानणारी आजची समीक्षा नकळत पहिल्या अधिनियमाचीच दृष्टी पुढे चालविते.

नेलरची मूळ चित्रे १९४५ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आली. तत्पूर्वी खाजगी संग्रहातील हा ड्यूक वाचकवर्गापुढे गेला तो प्रामुख्याने छापील रूपात. ठशाला केवळ नक्कल न मानता, रंगाचे छायेत केलेले भाषांतर म्हणून त्याची स्वतंत्र समीक्षा होणे आवश्यक आहे.