गिलेटचा किल्ला: 'विक्षिप्त' म्हटलं की विषय संपतो का?

शेरलॉक होम्स रंगभूमीवर गाजवणारा अमेरिकन नट विल्यम गिलेट. त्याने १९१४ ते १९१९ या काळात कनेक्टिकट नदीकाठच्या टेकडीवर दगडी किल्ल्यासारखं घर बांधून घेतलं, आराखडाही स्वतःच केला. खोल्या २४, दरवाजे ४७, आणि दरवाज्यांच्या लाकडी कड्या म्हणजे एकेक कोडंच. शिवाय आरसे असे लावलेले, की झोपायच्या खोलीतून खालचं दालन दिसावं.

या घराबद्दल वाचाल तिथे 'विक्षिप्त' हा शब्द भेटतोच. माझा आक्षेप याच शब्दावर आहे. तो लावला की 'हे चालतं कसं?' हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आरशांचंच बघा. प्रकाशाची वाट उलटीही तशीच चालते. ज्या वाटेने पाहुणा गिलेटला दिसतो, त्याच वाटेने गिलेट पाहुण्याला दिसायला हवा. मग चोरून बघणं जमेल कसं? उजेडाच्या फरकामुळे. दालन उजळलेलं आणि वरची खोली अंधारी असेल, तर पाहुण्याला आरशात काळोखच दिसणार. नाटकगृहात हेच होतं: रंगमंचावर उजेड, प्रेक्षक अंधारात. इथे पाहुणे रंगमंचावर आणि नट प्रेक्षकात! याला लहर कसं म्हणायचं? ही तर मुरलेल्या नटाची युक्ती.

गिलेट १९३७ मध्ये वारला. आपण कुठे आहोत, भोवती काय आहे याची जाण नसलेल्या मूर्खाच्या हाती ही जागा जाऊ नये, अशा अर्थाची तंबी त्याने मृत्युपत्रात दिली होती. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, राज्य सरकारने ती विकत घेऊन सार्वजनिक उद्यान केलं. हे श्रेय द्यायलाच हवं. नाहीतर टेकडीचे प्लॉट पडायला कितीसा वेळ लागला असता?

पण त्याच तंबीच्या कसोटीवर सरकार पूर्ण उतरत नाही. आवारात गिलेटची सुमारे तीन मैलांची छोटी रेल्वे होती. पाहुण्यांना तो स्वतः फिरवायचा. विक्रीनंतर ती एका करमणूक उद्यानात गेली आणि तिच्या मार्गावर आज पायवाटा आहेत. वाटा छानच, पण घर राहिलं आणि खेळ गेला.

जतन म्हणजे फक्त भिंती टिकवणं नव्हे. एखादी कडी स्वतः उघडून बघता आली, दोन आरसे आणि एक दिवा घेऊन ती युक्ती करून बघता आली, तर गिलेट कळेल. नुसत्या 'विक्षिप्त' शब्दातून तो कळत नाही.