खोलीचा प्रश्न : ‘अधांतर’ आणि गिरणी कामगारांची घरे

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक 1997 साली मंगेश कदम यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. सामान्यतः ते गिरणी संपाच्या पराभवाचे नाटक म्हणून वाचले आणि शिकविले जाते. हे वाचन चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ‘अधांतर’ हे तितकेच एका खोलीचे नाटक आहे, आणि ज्या काळात गिरणी कामगारांची घरे आमच्याच जिल्ह्यात बांधली जात आहेत, त्या काळात ते तसे वाचणे आवश्यक झाले आहे.

या वाचनाकडे वळण्यास एक विद्यार्थिनी कारणीभूत ठरली. रायगडच्या किनारपट्टीवरील आमच्या महाविद्यालयात हे नाटक शिकवीत असताना तिने विचारले, “सर, गिरणी बंद पडली, तर धुरी कुटुंब गावाला का नाही गेलं?” त्या दिवशी दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते, हे येथे मान्य केले पाहिजे.

कोकणातला माणूस गाव सोडून गिरणीत गेला, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याने गाव सोडलेच नव्हते. तेव्हाच्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील तुकड्या-तुकड्यांची भातशेती वर्षभर पोट भरू शकत नव्हती. ती टिकली मनीऑर्डरीवर. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलेला तरुण लालबाग-परळमधल्या गावकीच्या खोलीत पथारी टाकीत असे. एका पाळीची माणसे कामावर गेली की दुसऱ्या पाळीची तेथे झोपत. जेवण खानावळवाल्या बाईकडे, ट्रंक भिंतीला, आणि गौरी-गणपतीला किंवा शिमग्याला गावची वाट. ही व्यवस्था सुखाची नव्हती, परंतु खोली, गिरणी आणि गाव या तिन्ही गोष्टी तिच्यात एकमेकींना धरून होत्या. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि मधला दुवा निखळला. गावाला जायचे, तर तिथल्या चुलीला आधार देणारा पगारच उरला नव्हता. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

नाटक प्रेक्षकाला मागे उरलेल्या खोलीत आणून बसविते. आई, तीन मुलगे, मुलगी. प्रत्येकाची दिशा वेगळी आणि जागा एकच. एकांत नाही, म्हणून कोणतेही भांडण खासगी राहत नाही. गिरणीच्या भोंग्याने माणसे पाळ्यांत वाटली जात, तोवर एवढीशी खोली पुरत असे. भोंगा थांबल्यावर सगळेच दिवसभर घरात, आणि तीच खोली अपुरी पडते. नरू टोळीच्या मार्गाला लागतो त्याला बेकारी कारण आहेच. पण बेकार माणसाला बसायला जागा नसणे हेही कारण आहे. चाळीच्या गॅलरीतील जिव्हाळ्याचे गोडवे गाणाऱ्या आपल्या लेखनपरंपरेत (आणि ती लहान नाही) हे नाटक म्हणूनच बोचते. याच नाटकावरून 2010 मध्ये ‘लालबाग परळ’ हा चित्रपट आला. त्याचा पट विस्तारला, रस्ते आले, परंतु खोलीचा कोंडमारा मात्र सैल झाला.

आता धोरणाकडे पाहू. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम 58 नुसार गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या भूखंडापुरती उरली. बांधकामाखालील जमीन हिशेबातून वगळली गेली. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये या दुरुस्तीविरुद्ध दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये फिरविला. घरांच्या प्रश्नाचा निकाल खरे तर तेथेच लागला होता. कामगारांसाठीची पहिली सोडत 2012 साली निघाली. घरे 6,925 आणि अर्जदार लाखाहून अधिक.

गिरणगावात जमीन आकसल्यावर घरे बाहेर सरकणे ओघानेच आले. 2 डिसेंबर 2016 च्या सोडतीत पनवेलजवळील कोन येथील 2,417 घरे होती. मूळची ती एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील योजनेतली. 160 चौरस फुटांची दोन घरे मिळून कामगाराला एक, किंमत सहा लाख रुपये. करोनाकाळात तेथे विलगीकरण कक्ष झाले, नंतर दुरुस्तीचा प्रश्न आला, आणि ताबा कित्येक वर्षे लांबला. 160 हा आकडा येथे थांबून पाहण्यासारखा आहे. 1920 च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे ज्या 207 बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतली खोलीही 160 चौरस फुटांचीच होती. त्या चाळी मात्र कामाच्या पायी अंतरावर होत्या.

अर्थात बीडीडी आणि गिरणी कामगार या दोन योजनांची गल्लत करू नये. पहिलीत राहत्या भाडेकरूला त्याच वस्तीत 500 चौरस फुटांचे घर विनामूल्य आहे, आणि वरळीतील पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या गेल्या. दुसरीत कामगाराने वा त्याच्या वारसाने पैसे भरून, सोडतीत नाव लागले तर, मिळेल तेथे जायचे आहे. पहिलीत वस्तीचे पुनरुज्जीवन होण्याची शक्यता तरी आहे. दुसरीत केवळ दाव्याचा निपटारा आहे, असे माझे मत आहे. कर्जत तालुक्यातील शेलू आणि त्यापलीकडच्या वांगणीचा प्रस्ताव पुढे आल्यावर जुलै 2025 मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले, ते मुंबईतच घर मागण्यासाठी. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. कारखाना, बाजार, दवाखाना, नातवंडांची नोकरी यांपासून तुटलेली खोली म्हणजे काय, हे त्यांनी एकदा पाहिले आहे, एवढे तरी ‘अधांतर’च्या वाचकाने ध्यानात ठेवावे.

नाटकाची एक मर्यादा नोंदविली पाहिजे. त्याचा अवकाश खोलीपुरता असल्याने मनीऑर्डर थांबल्यावर गावच्या घरात काय झाले, ते रंगमंचावर येत नाही. पवार 2021 मध्ये गेले. ही दुसरी बाजू सांगू शकतील अशी माणसे आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत अजून आहेत, बहुतेक सत्तरीपलीकडची. यंदा ‘अधांतर’ शिकविताना तो जुना प्रश्न मीच वर्गाला घातला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “माझे आजोबा गेले होते की गावाला. दोन पावसाळे काढले आणि वॉचमन म्हणून परत मुंबईला गेले.” राहायला कुठे, असे विचारले, तर तो म्हणाला, “गावकीच्याच खोलीत.”