समुद्र नसलेल्या अकोल्यात

‘तू अनुभवी विज्ञानशिक्षक आहेस. आठवीच्या मुलांना समजेल अशा सोप्या भाषेत ––– या विषयावर पाठ लिही.’ प्रॉम्प्टचे असे तयार नमुने सध्या शिक्षकांमध्ये हातोहात फिरतात. भूमिका आहे, इयत्ता आहे, भाषाही आहे. विषयापुरती मात्र एक रिकामी जागा.

मी तिथे ‘खारपाणपट्टा’ लिहिले. पाठ सुबक आला. पण त्यात समुद्राचे पाणी विहिरींत शिरत होते. अकोल्यात! २०२२ मध्ये आलेल्या चॅटजीपीटीसारखी साधने आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द ठरवत जातात. खाऱ्या विहिरी म्हटल्यावर त्यांना बहुधा किनाराच सुचतो.

मग लिहिले : ‘अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतले पूर्णा नदीचे खोरे. समुद्र दूर. गाळाची चिकण जमीन, निचरा कमी, सोडियम जास्त. यावरून विहिरींचे पाणी खारे का, ते मांड. खात्री नसेल तिथे तसे सांग.’ पाठ जागेवर आला. (शेवटच्या वाक्यावर फार विसंबू नये; हे यंत्र चुकीचेही तितक्याच ठामपणे लिहिते.)

पण हे मुद्दे मला आधीच ठाऊक होते. ज्याला ठाऊक नाहीत, त्याला नमुना समुद्रावर नेऊन सोडतो आणि पत्ताही लागू देत नाही. माझा आक्षेप आहे तो यालाच.

आता मी मुलांना आधी विहिरीचे आणि नळाचे पाणी सारखे मोजून दोन वाट्यांत आटवायला लावतो. तळाचे थर पाहून एकीने विचारले, ‘पावसाळ्यात विहिरीचा थर कमी भरेल का?’ पुढच्या सूचनेत आम्ही तोच प्रश्न घातला. जुलैत वाटी पुन्हा ठेवणार आहोत.