कारभाऱ्यांचे वाङ्मय

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या वाटेने आठ-नऊ किलोमीटर गेले, की तिरुविडैमरुदूर लागते. संस्कृतात याच क्षेत्राला मध्यार्जुन म्हणतात. महालिंगस्वामींच्या विस्तीर्ण देवालयासाठी गावाची ख्याती आहे. परंतु पोटापाण्यासाठी महाराष्ट्राबाहेर पडलेल्या आपल्यासारख्यांना त्याची आणखीही एक ओळख असावयास हवी. तंजावरचे राजे अमरसिंह भोसले यांना कंपनी सरकारने १७९८ साली गादीवरून दूर केले, तेव्हा ते येथे येऊन राहिले आणि १८०२ साली निवर्तले. या गावातल्या भोसले दरबारात घनम् कृष्ण अय्यरांसारखा थोर गवई होता. राज्य गेले तरी गाणे राहिले, असे या गावाविषयी म्हणता येईल. पण ज्यांचे पोट लेखणीवर होते त्यांचे काय? १७९९ च्या तहाने सरफोजी राजांनी मुलखाचा कारभारही कंपनीच्या हवाली केला, आणि कावेरीकाठच्या मराठी कारकुनी घराण्यांना नवा धनी शोधणे भाग पडले. आपल्या आजच्या बदल्यांचा आणि परीक्षांचा इतिहास तेथून फार दूर नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा काही दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची त्याची तयारी चालू आहे व ऐच्छिक विषय म्हणून त्याने मराठी साहित्य घेतले आहे. मी त्याला मध्यार्जुनाला घेऊन गेलो. दर्शन झाल्यावर आम्ही मंडपात टेकलो, तोच त्याने पिशवीतून टिपणांची वही काढली. पान होते महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे. ग्रंथाची वैशिष्ट्ये सात, मर्यादा चार, उपाययोजना सहा, अशी ती नीटनेटकी मांडणी होती. वाचता वाचता त्याने विचारले, “मामा, यातलं नेमकं काय विचारतील?”

मला उत्तर सुचले नाही. ज्या पुस्तकाने सरकारी अंमलदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, ते पुस्तक अंमलदार होण्यासाठी मुखोद्गत करावयाचे, या योगातील विसंगती त्याच्या ध्यानी आली नव्हती. खरे सांगावयाचे तर वीस वर्षे नोकरी करूनही ती माझ्या ध्यानी आली नव्हती. त्या निमित्ताने आपल्या कारभाऱ्यांच्या वाङ्मयाकडे मी पुन्हा वळलो. त्यातील तीन ग्रंथांविषयी येथे लिहावयाचे आहे.

पहिला ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. इ. स. १७१५-१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी राजांसाठी ते सिद्ध झाले. शिवछत्रपतींची राजनीती डोळ्यांनी पाहिलेल्या वृद्ध मुत्सद्द्याचा हा ग्रंथ आहे. राजा, प्रधान, सावकार, वतनदार, दुर्ग, आरमार अशी त्याची प्रकरणे. वाक्ये आखूड, आज्ञार्थी आणि ठाम. त्याचे बळ अनुभवात आहे. आरमारासाठी लाकूड लागते, म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती तिने लेकरांसारखी वाढविलेली असतात; तोडावयाचीच तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावीत, हा त्यातील विचार सर्वपरिचित आहे. येथे तत्त्व सांगता सांगता लेखकाला क्षणभर रयतेचे परसू दिसले आहे. ग्रंथाची थोरवी मला अशा क्षणांत वाटते.

दुसरा ग्रंथ कुंभकोणमच्या मातीतला. राजा सर टी. माधवराव हे १८२८ साली कुंभकोणमला एका देशस्थ मराठी घराण्यात जन्मले. वडील रंगराव व चुलते वेंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. माधवराव मद्रासला पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकले, १८४६ साली तेथील पदवी त्यांनी उत्तम रीतीने मिळविली, आणि अकौंटंट जनरलच्या कचेरीत नोकरीस लागले. पुढे त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक, मग तेथील दिवाण, नंतर इंदूर आणि १८७५ पासून बडोदे, असा त्यांचा प्रवास आहे. त्रावणकोरात त्यांनी मिरी व तंबाखू यांची सरकारी मक्तेदारी मोडली आणि संस्थानचे कर्ज फेडले. बडोद्यास मल्हाररावांच्या पदच्युतीनंतरची विस्कटलेली घडी त्यांनी बसविली, आणि १८८१ साली, तरुण सयाजीरावांच्या हाती कारभार येण्यापूर्वी, त्यांना राज्यशास्त्रावर इंग्रजीत व्याख्याने दिली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती त्या वेळी छापली गेली; २०२२ साली राहुल सागर यांनी ती संपादून पुन्हा प्रसिद्ध केली, म्हणून आज ती सहज हाती येतात.

परस्थ मराठी अधिकाऱ्याला ‘आज्ञापत्रा’पेक्षा हा ग्रंथ अधिक जवळचा वाटेल. अमात्य स्वतःच्या राज्याविषयी बोलतात; माधवरावांना स्वतःचे राज्य नाही. ते जेथे जातात तेथे नेमणुकीने जातात, आणि त्यांची सत्ता उसनी आहे याचे भान त्यांच्या प्रत्येक पानावर आहे. राजाने प्रजेच्या हितासाठी असावे, लहरीने हुकूम देऊ नये, माणसे पारखून घ्यावी, राजवाड्याच्या खर्चास मर्यादा असावी, इंग्रज सरकारशी संबंध सांभाळावे, ही शिकवण ते शांतपणे, व्याख्या आणि विभाग करीत, उंच स्वर न लावता देतात. चांगला शेरा कसा लिहावा, हे या गद्यावरून शिकावे.

परंतु याच गुणात त्याचे उणेपण आहे. या व्याख्यानांत प्रजा येते ती समूहवाचक नामाने. तिचे हित आहे, हक्क आहेत, तक्रारीही आहेत. तिला चेहरा मात्र नाही. अमात्यांना दिसलेले परसू येथे दिसत नाही. भाषा परकी, श्रोता राजपुत्र आणि वक्ता नेमलेला. तेव्हा हे घडणे स्वाभाविक होते. तथापि स्वाभाविक म्हणून ते उणेपण नाहीसे होत नाही.

येथेच तिसऱ्या ग्रंथाकडे वळले पाहिजे. जोतीरावांचा ‘असूड’ १८८३ साली पूर्ण झाला, म्हणजे माधवरावांच्या व्याख्यानांनंतर अवघ्या दोन वर्षांनी. आणि तो बडोद्यास ज्यांनी लक्षपूर्वक वाचवून घेतला ते श्रोते कोण? तेच सयाजीराव! एकाच तरुण राजाच्या कानी हे दोन्ही ग्रंथ पडले: एक राज्य चालविणाऱ्याच्या बाजूने बोलणारा, दुसरा ज्याच्या डोक्यावर राज्य चालते त्याच्या बाजूने. आपल्या वाङ्मयेतिहासात या योगायोगाची जितकी चर्चा व्हावयास हवी तितकी झालेली नाही.

‘असुडा’त दोष नाहीत असे नाही. त्याचा इतिहासभाग बराचसा तर्कावर उभा आहे, पुनरुक्ती पुष्कळ आहे, आणि सरकारी खात्यांतील भटकामगारांवर होणारा शब्दांचा मारा आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांना लागू पडावा असा सरसकट आहे. मला तो वाचताना आजही टोचतो. परंतु समीक्षकाने आपल्याला काय टोचते आणि ग्रंथात काय सदोष आहे, यांची गल्लत करू नये. गोरा अधिकारी सुखासीन व परावलंबी, त्याच्या हाताखालचा कारकून धूर्त, आणि दोघांच्या मध्ये अक्षरशत्रू शेतकरी, ही यंत्रणा जोतीरावांनी जितक्या बारकाईने दाखविली तितकी तोवर कोणी दाखविली नव्हती. कलेक्टरसाहेबांकडून हताश होऊन घरी परतणारा शेतकरी आणि त्याच्या घरातील एकेका वस्तूचे वर्णन ज्याने वाचले, त्याला ‘प्रजा’ हा शब्द पूर्वीसारखा सहज लिहिता येणार नाही. शिवाय ताली-बंधारे, जनावरांची निपज, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण यांविषयी त्यांनी सुचविलेले उपाय हे कोरड्या संतापाचे बोल नव्हेत. त्यांत कारभाराची उत्तम जाण आहे.

या ठिकाणी एक जुनी गोष्ट सांगणे मला भाग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या कुळाचा अर्ज मी मुदतीबाहेरचा म्हणून परत केला. नियम माझ्या बाजूचा होता, शेराही निर्दोष होता. तो माणूस अर्जाची घडी करीत दाराशी थोडा थांबला, काही तरी बोलला. माझे त्या वेळचे तमिळ परीक्षेपुरते होते, मला ते कळले नाही, आणि मी विचारलेही नाही. माधवराव वाचले तेव्हा माझा शेरा बरोबर वाटला. ‘असूड’ वाचला तेव्हा तो माणूस पुन्हा दाराशी उभा राहिला.

१९७९ पासून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिता येतात, ही मोठी गोष्ट आहे. ‘असूड’ नेमलेल्या पुस्तकांत आहे, हीही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु परीक्षा ग्रंथाचे गुणदोष विचारू शकते; ग्रंथाने वाचणाराला काय विचारले, हे ती विचारू शकत नाही. याच कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात इतर विषय जमले नाहीत म्हणून रामानुजनची शिष्यवृत्ती गेली होती. परीक्षेला मोजता येते तेवढेच ती मोजते, आणि तिच्याकडून अधिकाची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. उरलेली जबाबदारी वाचकाची.

म्हणून भाच्याला मी परतीच्या वाटेवर एवढेच सांगितले, की टिपणे ठेव, ती लागतील. पण नेमणूक झाल्यावर पहिल्या महिन्यात हे तिन्ही ग्रंथ टिपणांवाचून पुन्हा वाच. अमात्यांकडून जबाबदारी घे, माधवरावांकडून शिस्त आणि संयम घे, आणि जोतीरावांकडून त्या दाराशी थांबलेल्या माणसाचा चेहरा. तो हसून म्हणाला, “मामा, आधी पास तर होऊ द्या.”

त्याचे म्हणणे खरे आहे. पण जे पास होऊन दूरदूरच्या जिल्ह्यांत खुर्चीवर बसलो आहोत, त्या आपल्याला तरी ही सबब उरलेली नाही.