गुडगुडीचा धूर आणि नाचणारी गर्दी

रघू दीक्षितचा जन्म नाशिकचा, म्हणून त्याला 'आपला' म्हणायची मराठी माणसाला हौस होते. ती आवरलेली बरी. तो वाढला म्हैसुरात. भरतनाट्यम शिकला, म्हैसूर विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचं सुवर्णपदकही मिळवलं. २००८ साली विशाल-शेखर या संगीतकार जोडीच्या काउंटर कल्चर रेकॉर्ड्सने त्याचा पहिला अल्बम काढला, 'अंतराग्नी : द रघू दीक्षित प्रोजेक्ट'. गाणी आठ, भाषा तीन : हिंदी, कन्नड, इंग्रजी. त्यातलं एक तर 'मैसूर से आयी'.

अल्बम गाजला. २०१० मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात बँड वाजला आणि ब्रिटनमध्ये आयट्यून्सच्या 'वर्ल्ड म्युझिक' यादीत अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला. २०११ मध्ये 'साँगलाइन्स' मासिकाचा नवोदितांसाठीचा पुरस्कार मिळाला. कौतुक झालं ते जोशाचं, खुल्या आवाजाचं, लुंगी आणि घुंगरांचं. ते कौतुक खोटं नव्हे. पण 'वर्ल्ड म्युझिक' या फळीवर ठेवलेल्या गाण्याचे शब्द कळायलाच हवेत, असा आग्रह कुणी धरत नाही. या अल्बमच्या बाबतीत ती सवलत महागात पडते, कारण त्यातली दोन कन्नड गाणी संत शिशुनाळ शरीफांची आहेत.

शरीफ एकोणिसाव्या शतकातले, आजच्या हावेरी जिल्ह्यातल्या शिशुनाळचे. जन्माने मुसलमान, गुरू ब्राह्मण गोविंद भट्ट. घरातली, शेतातली, बाजारातली वस्तू उचलायची आणि तिच्यात देह आणि मन दाखवायचं, ही त्यांच्या पदांची रीत. 'गुडुगुडिया सेदी नोडो' वरवर ऐकलं तर गुडगुडी ओढायचं आमंत्रण. आत शिरलं तर मन ही चंची होते, ती उघडायची, आतली भांग चिरायची, आणि देहातला रोग बाहेर काढायचा. म्हणजे हे नशा चढवणारं नव्हे, उतरवणारं पद आहे. मैफलीत मात्र या गाण्यावर गर्दी उड्या मारते.

इथे विजयनगरात आमच्या शेजारच्या अज्जींना मी हे गाणं ऐकवलं. त्यांच्या कानात शरीफ म्हणजे सी. अश्वत्थ. ऐकून त्या म्हणाल्या, "मुलगा गातो चांगला. पण झिंग उतरवायच्या पदावर ही पोरं झिंगतात कशी?"

प्रश्न रास्त आहे, पण नाचाला दोष देऊन तो सुटत नाही. एकनाथांच्या भारुडात सोंग असतं, नाच असतो, हशा असतो, आणि म्हणून अध्यात्म हलकं होत नाही. मात्र भारूड करणारा मध्ये थांबतो. विंचू म्हणजे काय, तो कुठे चावला, हे समोरच्याला सांगतो आणि मग पुन्हा ध्रुपदावर येतो. 'गुडुगुडिया'च्या मांडणीत हे थांबणं नाही. ठेका ध्रुपदाला उचलून धरतो आणि रूपक जिथे उलगडतं ती कडवी त्याच वेगात निघून जातात. ध्रुपद पाठ होतं, चंची बंदच राहते. उणीव गांभीर्याची नाही, उसंतीची आहे.

याच अल्बममधलं शरीफांचं दुसरं पद, 'सोरुतिहुदु मनिय माळिगी', म्हणून मला अधिक साधलेलं वाटतं. घराचं छप्पर गळतंय आणि अंधारात वर चढून ते शाकारणारं कुणी नाही. तिथे चालीला घाई नाही, त्यामुळे कन्नड न कळणाऱ्यालाही घरात काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं. अज्जीही या गाण्यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं.

ध्वनिमुद्रण मध्ये थांबून अर्थ सांगू शकत नाही, हे खरं. पण त्यावरचा उपाय रॉकच्याच घरात आहे. पिंक फ्लॉइडने १९७३ मध्ये 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या वेष्टनावर प्रथमच गाण्यांचे शब्द छापले. प्रोग्रेसिव्ह रॉकचा चाहता वेष्टन हातात धरून, ओळीवर बोट ठेवून ऐकतो. अल्बम पुस्तकासारखा वाचतो. समीक्षक त्या अतिअभ्यासू चाहत्यांची थट्टा करत आले, पण शब्दाला मान देण्याची ती सवय मोलाची आहे. 'अंतराग्नी' हा काही प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम नव्हे, एका कथानकात ओवलेलाही नव्हे. तरी त्याला गरज आहे ती अशाच श्रोत्याची.

हे काम ब्रिटनच्या समीक्षकांवर टाकण्यात अर्थ नाही. चंची, गुडगुडी, गळकं छप्पर ही आपल्याही ओळखीची मंडळी. आपल्याला शरीफांपर्यंत पोचायला भाषेचा एकच उंबरा ओलांडायचा आहे. कन्नड शेजारी असेल तर त्याला शेजारी बसवून ही दोन गाणी ऐकावीत, कडव्याकडव्याला थांबवत. नाचायचं असेल तर त्यानंतर नाचावं. तेव्हा पाय कशावर पडतायत ते कळलेलं असेल.