दहा वर्षांत चौपट बहिरे?

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. अध्यात्म बाजूला ठेवले तरी त्यात कुंभाराचा एक नेहमीचा अनुभव आहे: मडक्याची परीक्षा कानाने होते. नीट भाजलेले खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. पण परीक्षा घेणाराच कान म्हातारा झाला असेल तर? आणि असे कान पूर्वीपेक्षा वाढले की कमी झाले, हे कोणाला विचारायचे?

सहज हाताशी येते ते जनगणनेचे उत्तर. देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्ती २००१ साली सुमारे १२.६ लाख होत्या, २०११ साली ५०.७ लाख. दहा वर्षांत चौपट! वक्तृत्व स्पर्धेतला विद्यार्थी लगेच डीजे आणि मोबाइलवर खापर फोडील. टाळ्याही मिळतील.

आता प्रगणकांना दिलेल्या सूचना पाहा. मुळीच ऐकू येत नाही किंवा फक्त मोठा आवाज ऐकू येतो, अशीच व्यक्ती २००१ मध्ये धरली होती. श्रवणयंत्र लावून ऐकू येत असेल तर ती वगळायची होती. २०११ मध्ये रोजचे बोलणे ऐकताना अडचण येणारे आत आले, यंत्र वापरणारेही आले. उलट, एकाच कानाने ऐकू न येणारा पहिल्या गणनेत होता, दुसऱ्या गणनेत गळला. चाळणीची भोके बदलल्यावर खाली पडलेल्या धान्याची तुलना कशी करणार? शिवाय हे आकडे सर्व वयांचे आहेत.

नवी व्याख्या जुनीपेक्षा चांगली आहे, हे मान्य. तरी वृद्धांच्या बाबतीत ती अपुरी पडते. वयाबरोबर अंतर्कर्णातील शंखाकृती नळीच्या, मधल्या कानाकडील टोकाच्या केशपेशी आधी झडतात. तिथे उच्च कंप्रतेचे आवाज टिपले जातात आणि माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. स्वर ऐकू येतात. स, त, थ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणून आजी म्हणते, ‘ऐकू येतं रे, पण काय म्हणतोस ते कळत नाही.’ प्रगणकाला उत्तर बहुधा घरातले दुसरेच कोणी देते, आणि त्याच्या लेखी आजीचे काही बिघडलेले नसते. वय झाले, इतकेच!

बदल मोजण्याची खरी रीत अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील बीव्हर डॅम या गावी दिसते. तेथे १९९३ पासून श्रवणमापकाने प्रत्यक्ष कान तपासले. पुढे त्याच लोकांची मुलेही तपासली. निष्कर्ष वक्तृत्व स्पर्धेच्या उलट निघाला. त्याच वयाला पोचलेल्या पुढच्या पिढीत श्रवणदोषाचे प्रमाण कमी होते, आणि ही घट पुरुषांत अधिक होती. अर्थात म्हाताऱ्यांची संख्याच वाढत असल्याने एकूण माणसे वाढू शकतात. हा निष्कर्ष तसाच उचलून तेरला लावणे मात्र उतावीळपणाचे. कारखान्यातील गोंगाट, धूम्रपान, कानाचे आजार यांचा इतिहास दोन्हीकडे एक नाही.

यंत्र चांगले असले तरी एक अडचण उरतेच. सॅम्युएल रोझेन आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली सुदानमधील माबान लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शांत मुलखातल्या या लोकांचे कान म्हातारपणीही तल्लख आढळले. टीकाकारांनी विचारले, यांची वये तुम्हाला कशी कळली? जन्मनोंदी नव्हत्या. आपल्या धाराशिव भागातही रझाकारांच्या वेळी, म्हणजे १९४८ च्या आसपास, ‘मी रांगत होतो’ एवढ्यावरच वय सांगणारी माणसे आहेत. पाच वर्षांची चूक झाली, तर पिढ्यांमधला सगळा फरक तिच्यात बुडून जाईल.

अपंगत्वाच्या दाखल्यांवरून हिशेब करावा, तर २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलची हानी झाल्याशिवाय नाव लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानातील २० डेसिबलपासूनच सौम्य श्रवणदोष धरते. पंचेचाळीस डेसिबल गमावलेला, मडके वाजवून पाहणारा म्हातारा त्या दाखल्यांत सापडणारच नाही.