हॉटेलातली दोन मुले

मराठी ललित लेखनात इराण्याच्या हॉटेलाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. संगमरवरी टेबले, काळ्या गोल पाठीच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, बरण्यांतली खारी-बिस्किटे, ब्रून-मस्का आणि 'पानी कम' चहा हे सारे इतक्या वेळा येऊन गेले आहे की, या हॉटेलात कधी पाऊल न टाकलेला वाचकही ते वर्णन पाठ म्हणून दाखवील. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली जाते. इराण्याने कुणाची जात विचारली नाही, जो आला त्याला बसू दिले. यात तथ्य आहे. 'ब्राह्मणांचे उपाहारगृह' अशा पाट्या ज्या शहरात अभिमानाने लागत होत्या, त्या शहरात पाटी नसलेले हॉटेल ही लहान गोष्ट नव्हती. (पारशी-इराण्यांच्या औदार्याचे गोडवे गाताना बडोद्याच्या पारशी विश्रामगृहातून बाबासाहेबांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, याचाही विसर पडू नये.)

माझी तक्रार वेगळी आहे. या साऱ्या लेखनात टेबलाशी बसलेला माणूस बहुतेक एकटा, तरुण आणि पुरुष असतो. तो कवी असतो, बेकार असतो, नाटकवाला असतो. १९७२ नंतरच्या आमच्या आठवणींतला असेल तर एका कपावर चार तास वाद घालणारा पँथर असतो. त्याच्याबरोबर मूल नसते. आपले पोर बोटाला धरून हॉटेलची पायरी चढणारा बाप आणि काचेच्या कपाटाकडे बोट दाखवणारी पोर मराठी साहित्यात फारशी येत नाही. आमच्याही साहित्यात येत नाही.

हा प्रश्न काहींना क्षुल्लक वाटेल. एका चर्चेत मी तो मांडला तेव्हा एक तरुण प्राध्यापक मित्र म्हणाले, ''सर, पोरांना हॉटेलात नेणं हा पांढरपेशा अनुभव आहे. दलित साहित्याचा तो विषय नव्हे.'' मला हे विधान घातक वाटते. आमच्या बापांनी आम्हाला हॉटेलात नेले ते चैनीसाठी नेले, असे ज्याला वाटते त्याने आपल्याच इतिहासाची उजळणी करावी.

मराठी समाजाच्या इतिहासात चहाच्या एका कपाला केवढी जागा मिळाली आहे पाहा. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोश्यांनी बोभाटा केला, ग्रामण्य उभे राहिले, प्रायश्चित्ताचा घोळ वर्षानुवर्षे चालला. चरित्रकारांनी या प्रकरणावर पानेच्या पाने लिहिली. त्याच काळात कोणत्या अस्पृश्याच्या हातातला कप कुणी फोडला, त्याच्या पोराला पाणी कुठून वरून ओतले गेले, याची नोंद कोण ठेवणार? कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या आधाराने चहाचे हॉटेल काढले आणि स्वतः महाराजांनी तिथे येऊन चहा घेतला. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवा. पण तिथेही आपल्या डोळ्यांपुढे राजा येतो. महाराज गेल्यावर त्या हॉटेलात कोण आपली पोरे घेऊन आले असेल, हे आपण कधी मनात आणत नाही.

आणि बाबासाहेबांचे बालपण? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आठवणींचे टिपण १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यातली पहिली आठवण १९०१ सालची आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली चार पोरे मसूर स्टेशनावर उतरतात. जात कळताच गाडीवान मिळेनासा होतो. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायच्या अटीवर बैलगाडी मिळते. बरोबर भरपूर शिदोरी आहे, पोटात आग पडली आहे, पण रात्री नाक्यावर पाणी मिळत नाही. पोरे उपाशी झोपतात. अन्न होते, पाणी नव्हते. घराबाहेर जेवणाऱ्या दलित मुलाविषयी यापेक्षा नेमके असे काही मी वाचलेले नाही. सदतीस-अडतीस वर्षांच्या माझ्या शिक्षकी पेशात हा उतारा मी वर्गात अनेकदा वाचून दाखवला. मुलांना जातीचा अपमान लगेच कळतो. अन्न समोर ठेवून उपाशी झोपण्याची गोष्ट कळायला वेळ लागतो.

पुढे संविधान आले. अनुच्छेद १७ आपल्याला पाठ असतो, पण १५ (२) कडे आपले लक्ष कमी जाते. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश करायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही आडकाठी करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचे नाव घालावे लागले! १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम त्यामागून आला. १९७६ साली त्याचेच नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नामांतर झाले.

आमचे आप्पा गिरणीत रिंग खात्यात होते. साचेखात्यात आमच्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. नायगावच्या बीडीडी चाळीत एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत आम्ही राहत होतो. छप्पन्नच्या धर्मांतरानंतरची गोष्ट. पगाराच्या दिवशी आप्पा आम्हा तिघा भावंडांना नाक्यावरच्या हॉटेलात नेत. एक ब्रून तिघांत, चहा बशीत. आई येत नसे. 'फॅमिली रूम'च्या झडपेमागे बसायला तिला लाज वाटे. आम्ही बसलो की पोऱ्या पाण्याचे ग्लास आणून आदळी. आप्पा लगेच पाणी पीत नसत. आधी शेजारच्या टेबलावरचा ग्लास बघत, मग आमच्या पुढ्यातला. दोन्ही सारखे आहेत अशी खात्री पटली की म्हणत, ''प्या रं.'' आम्हाला वाटे, ग्लास स्वच्छ आहे का ते पाहतात. खरे कारण मला कॉलेजात गेल्यावर उमगले, तेही त्यांना न विचारता. विचारले असते तर त्यांनी सांगितले नसते.

हा पांढरपेशा अनुभव आहे काय?

गिरणगावात पोरांना बाहेर जेवायला नेण्याचा प्रश्न बहुतेकांना पडतच नसे, हेही खरे. बायकापोरे गावी, पुरुष इथे. तो महिनेवारी खानावळीत जेवायचा. खानावळी चालवणाऱ्या बायका पहाटेपासून चुलीपुढे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा' उभी करीपर्यंत त्यांची कुणाला दादफिर्याद नव्हती. खानावळीही जातीच्या, गावाच्या, तालुक्याच्या. पोरांनिशी हॉटेलात जाणारा दलित कामगार हा शहरात बिऱ्हाड केलेल्यांपैकी, म्हणजे थोड्यांपैकी. पण त्या थोड्यांच्याच पोरांनी पुढे लिहायला घेतले. त्यांनी भूक लिहिली, उष्टे लिहिले, मेलेले ढोर लिहिले. लिहायलाच हवे होते. पण आपल्या बापाची ग्लासावरची ती नजर त्यांनी लिहिली नाही. अपमान झाला तर तो अनुभव आणि होऊ नये म्हणून बाप डोळ्यांत तेल घालून बसला तर तो अनुभव नव्हे, अशी काही वाटणी आपल्या समीक्षेने नकळत करून ठेवली आहे काय?

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ची (१९८४) सुरुवात आठवा. शाळेची सहल. सवर्ण मुले एका झाडाखाली जेवायला बसतात, आमची दुसऱ्या. उरलेले अन्न कागदात गोळा करून आमच्या मुलांनी न्यायचे. घरी आल्यावर आई विचारते, माझ्यासाठी थोडे का आणले नाहीस? याच पुस्तकात पुढे गावातल्या चहाच्या दुकानातल्या वेगळ्या कपबशीविरुद्ध पोलिसांत जाण्याचा प्रसंग आहे. समीक्षकांनी दुसऱ्या प्रसंगातला विद्रोह उचलून धरला, पहिल्यातली वेदना. मला त्या आईचा प्रश्न सगळ्यांत अवघड वाटतो. त्यात ना वेदनेचा उच्चार आहे ना नकाराचा. भुकेने उष्ट्याचा प्रश्नच पुसून टाकला आहे.

तो प्रश्न माझ्यापुढे उलट्या बाजूने आला. १९८८ साल असेल. मी मास्तर झालो होतो, मुलगी पाच वर्षांची. वस्तीजवळच्या एका उडपी हॉटेलात आम्ही नवरा-बायको तिला घेऊन गेलो. मी ग्लास पाहिले नाहीत. खरे सांगतो, पाहिले, पण सवयीने. पोरीने सांबार सांडले, अर्धा डोसा टाकला. टेबल पुसायला आठ-नऊ वर्षांचा मुलगा आला, खांद्यावर ओले फडके. पोरीने आपली डिश त्याच्याकडे सरकवली. ''घे ना,'' म्हणाली. त्याने आधी गल्ल्याकडे पाहिले. आणि मी डिश खेचून घेतली.

का खेचली? माझ्या पोरीने कुणाला उष्टे द्यावे हे मला सहन झाले नाही. सहन होऊ नये असेच आम्ही घडलो आहोत. पण तो पोरगा भुकेला होता. उष्ट्याविषयीचे माझे तत्त्व त्याच्या काय उपयोगाचे? मी त्याच्यासाठी नवा डोसा मागवला, तर गल्ल्यावरचा म्हणाला, ''साहेब, सवय लागेल.'' डोसा आला नाही. मी भांडलो नाही. बायको घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

हॉटेलात नेहमी दोन मुले असतात. एक टेबलाशी बसलेले, एक टेबल पुसणारे. नारायण सुर्वे लहानपणी या दुसऱ्या मुलांपैकी होते. हॉटेलात कपबश्या विसळण्याचे काम त्यांनी केले होते. म्हणून त्यांच्या कवितेतले शहर मोरीकडून दिसते. इराण्याच्या चहावर हळवे होणाऱ्या ललित लेखकाला तो पोऱ्या, तो चाळीच्या जिन्याने चहा पोचवणारा 'बाहेरवाला' दिसतो तो सजावट म्हणून, त्याच्या मिस्कील हाळीसाठी. आमच्या लेखकांकडून माझी अपेक्षा जास्त आहे. आम्ही त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहोत आणि उभेही राहिलो आहोत.

१९८६ चा बालकामगार कायदा झाला तेव्हा हॉटेले, धाबे, चहाच्या टपऱ्या त्याच्या बंदीत नव्हत्या. त्या आल्या ऑक्टोबर २००६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच कामांत बंदी केली, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावायची मुभा ठेवली. ही फट कुणाच्या पोरांसाठी आहे हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

आता नायगावात रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतली जोडपी पोरांना घेऊन पावभाजीच्या, चायनीजच्या टेबलांवर बसलेली दिसतात. पोरे हक्काने ओरडून मागतात, अर्धे टाकून देतात. ग्लासाकडे कुणी बघत नाही. आप्पांनी हे पाहायला हवे होते. टेबले पुसायला आता मिसरूड फुटलेली पोरे असतात, उत्तरेकडून आलेली. त्यांच्याहून लहान कुणी असलेच तर ते मागे, भांड्यांच्या मोरीपाशी. तिथे जायचा दरवाजा गिऱ्हाइकाच्या पाठीमागे असतो आणि तो बहुधा अर्धा उघडा असतो. परवा नातवाला घेऊन गेलो तेव्हा मी खुर्ची फिरवून, त्या दाराकडे तोंड करून बसलो. नातवाने विचारले, ''आबा, असे उलटे का बसलात?''